मोकळं बोलता येईल असा गट कसा उभा करावा

आठ-दहा माणसांनी नियमित भेटावं, हवापाण्याच्या पलीकडचं काही बोलावं, कुणी मनातलं खरं सांगितलं तर त्याची टर उडू नये आणि लगेच उपदेशही सुरू होऊ नये, असं पुष्कळांना वाटतं. मग कुणीतरी पुढाकार घेऊन सगळ्यांना बोलावतं. पहिली बैठक छान होते, दुसरीला निम्मे येतात आणि चौथीला उरलेले तिघं परत हवापाण्यावर आलेले असतात. असा गट पहिल्यांदाच सुरू करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. असे गट मी आतून पाहिलेत, काही चालवलेतही.

माझं मत आधीच सांगून टाकते. ‘मोकळेपणाने बोला’ असं आवाहन केल्याने कुणी मोकळं होत नाही. खरं बोलायची इच्छा बहुतेकांना असतेच. अडतं ते मनातल्या हिशेबापाशी: बोललो तर काय गमवावं लागेल? तो हिशेब भाषणाने बदलत नाही, व्यवस्थेने बदलतो. किती जण बसतात, नियम कोणते, आधी कोण बोलतं, आणि कुणी काही खरं बोलल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात बाकीचे काय करतात, यावर सगळं अवलंबून आहे. त्या एका मिनिटाबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय. वेळ कमी असेल तर तेवढी सहावी पायरी वाचली तरी चालेल.

सुरुवातीला काय जमवून ठेवाल

- एक साथीदार. एकट्याने सुरू करू नका. तुम्ही आजारी पडलात की बैठक रद्द, असं दोनदा झालं तर गट संपतो.
- दार बंद होणारी खोली. आतलं बोलणं बाहेर ऐकू जाणार नाही, एवढी अट पुरे.
- एकाच उंचीच्या खुर्च्या, नाहीतर सगळ्यांनी खाली बसायचं. काही जण वर आणि काही खाली, असं नको. मध्ये टेबलही नको.
- सगळ्यांना दिसेल असं घड्याळ.
- मोठ्या अक्षरांत एका पानावर लिहिलेले नियम.
- नावं आणि फोन नंबर लिहायला एक वही. बैठकीत कोण काय बोललं याची नोंद कुठेही ठेवायची नाही.
- तुमच्या भागातले तातडीच्या मदतीचे क्रमांक: मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, पोलीस, घरगुती हिंसाचारात मदत करणारी संस्था. क्रमांक लावून बघा. छापलेले क्रमांक बरेचदा बंद असतात.
- पिण्याचं पाणी आणि टिश्यूचा डबा. डबा मध्ये ठेवा. रडणाऱ्याच्या हातात कुणी टिश्यू कोंबला की त्याला ‘आता आवरा’ असंच ऐकू येतं.

१. हेतू एका वाक्यात लिहा

‘सगळ्यांसाठी खुलं व्यासपीठ’ असं लिहिलं की कुणालाच ते आपल्यासाठी आहे असं वाटत नाही. ‘घरातल्या आजारी माणसाची देखभाल करणाऱ्यांसाठी’, ‘नोकरी गेलेल्यांसाठी’, ‘या भागात नव्याने राहायला आलेल्यांसाठी’ असं काही ठरवा. एक परिस्थिती सगळ्यांची सारखी असली की बोलण्याची अर्धी प्रस्तावना वाचते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेची सुरुवात १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात दोन माणसांच्या भेटीतून झाली. दोघंही दारूच्या विळख्यात सापडलेले. समोरचा शिकवायला आलेला नाही, तो त्याच खड्ड्यातून बोलतोय, एवढ्यावर ते बोलणं उभं राहिलं.

हेतूखाली आणखी एक ओळ लिहा: हा गट काय नाही. हे उपचार नाहीत, धंद्याच्या ओळखी वाढवायची जागा नाही आणि कुठल्या मताचा प्रचारही नाही.

२. माणसं

दहा-बारा नावं नोंदवा म्हणजे दर वेळी सात-आठ जण येतील. त्याहून मोठा गट झाला की प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटं येतात आणि दोन मिनिटांत कुणी खरं बोलत नाही. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं की नुसत्या गप्पांचा घोळका चारच्या वर गेला की बहुधा आपोआप फुटतो. म्हणजे आठ जणांत एकच संभाषण टिकवायचं तर ठरवून पाळीपाळीने बोलावं लागतं. तसं नाही केलं तर दोघं-तिघं बोलतात आणि बाकीचे बघे होतात.

सगळी माणसं स्वतःच्या ओळखीतून घेऊ नका. तसं केलं तर तुमचं मित्रमंडळ यजमान आणि बाकीचे पाहुणे, अशी विभागणी पहिल्याच दिवशी होते. निम्मी नावं साथीदाराला आणू दे.

एक बाब मात्र कटाक्षाने पाळा. ज्यांचा एकमेकांवर अधिकार चालतो त्यांना एका गटात घेऊ नका: साहेब आणि हाताखालचा माणूस, घरमालक आणि भाडेकरू, सासू आणि सून. दोघंही कितीही भले असोत, त्यातला एक जण तोलूनमापूनच बोलणार.

३. दिवस, वेळ आणि त्यामागचा हिशेब

पंधरवड्यातून एकदा, ठरलेला वार, ठरलेली वेळ, तीच जागा, दीड तास. ‘सगळ्यांना जमेल तेव्हा’ असं ठेवलं की कुणालाच जमत नाही. दोघंच आले तरी बैठक घ्या.

आता हिशेब. जेफ्री हॉल या अमेरिकन संशोधकाने २०१८ मध्ये मांडलेला अंदाज असा: नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तासांचा सहवास लागतो, मित्र म्हणण्याइतकं जवळ यायला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. पंधरवड्याला दीड तास म्हणजे वर्षाला ३९ तास, तेही एकही बैठक न चुकवता. वर्षभर नेमाने येणारा माणूसही कागदावर जुजबी मैत्रीच्या अलीकडेच राहतो.

म्हणून बैठकीच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा तास फुकटचा समजू नका. खुर्च्या मांडायला, उचलायला, खोली झाडायला मुद्दाम दोघा-दोघांची पाळी लावा. समोरासमोर बसून न बोलणारी माणसं शेजारी उभं राहून काम करताना बोलतात. हे तुम्हीच सगळं आवरून ठेवलंत तर लोक आभार मानतील आणि घरी जातील, बाकी काही होणार नाही.

४. नियम: थोडे, पण मोठ्याने वाचलेले

चार नियम पुरतात. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला वेगवेगळ्या माणसाने ते मोठ्याने वाचायचे. जुन्यांना कंटाळा येतो, तरी वाचायचे.

पहिला, इथलं इथेच. यातली मेख समजून घ्या. लंडनच्या चॅटम हाउस या आंतरराष्ट्रीय धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा १९२७ पासूनचा एक प्रसिद्ध नियम आहे: ऐकलेली माहिती वापरा, पण कोण बोललं ते सांगू नका. धोरणांच्या चर्चेला तो उत्तम. छोट्या गटात तो कामाचा नाही, कारण इथे गोष्टच माणसाची ओळख सांगते. ‘नाव नाही सांगत, पण आमच्या गटात एक बाई आहेत, त्यांच्या मुलाने...’ एवढ्यात ऐकणाऱ्याने ओळखलेलं असतं. तेव्हा नियम असा करा: स्वतः काय बोललो, स्वतःला काय उमगलं, ते बाहेर सांगायला हरकत नाही, दुसऱ्याची गोष्ट नावाशिवायही सांगायची नाही. आणि अपवाद आधीच सांगून ठेवा. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल तर गुप्तता पाळली जाणार नाही. नंतर सांगितलात तर तो विश्वासघात वाटेल.

दुसरा, एक बोलताना बाकीच्यांनी ऐकायचं. तिसरा, मागितल्याशिवाय सल्ला नाही. चौथा, ‘पास’ म्हणायचा हक्क: कुठल्याही प्रश्नाला, कारण न देता. पास म्हणणाऱ्याला कुणी ‘अहो, बोला की थोडंसं’ म्हणायचं नाही. नाही म्हणता येत असेल तरच हो म्हणण्याला काही अर्थ असतो.

फोनवरच्या ग्रुपचंही इथेच ठरवा. त्यावर फक्त दिवस, वेळ, जागा. सुविचार, बातम्या आणि बैठकीतल्या विषयावरची पुढची चर्चा यातलं काहीही नको. लेखी शब्दाचा स्क्रीनशॉट निघतो.

५. पहिली बैठक

पाच मिनिटं नियम. मग नाव आणि ‘आज इथे यायला काय जुळवून यावं लागलं?’ अशी एक फेरी. त्यानंतर खरी फेरी, प्रत्येकी पाच मिनिटं. शेवटची दहा मिनिटं समारोपाला: ‘आज जाताना मनात काय आहे?’ एका वाक्यात.

प्रश्नांना चढण असावी. मानसशास्त्रज्ञ आर्थर आरॉन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अनोळखी माणसांच्या जोड्यांना हळूहळू खोल होत जाणारे प्रश्न दिले होते. पाऊण तासात त्यांना एकमेकांबद्दल जी जवळीक वाटली, ती वरवरच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांहून जास्त होती. यात दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत: खोली हळूहळू वाढायला हवी आणि दोघांनीही उघडं व्हायला हवं. एक सांगतोय आणि दुसरा नुसता मान डोलावतोय, याला मुलाखत म्हणतात.

पहिल्या बैठकीत ‘गेल्या महिन्यात मनासारखं काय झालं, काय नाही?’ एवढंच विचारा. ‘सध्या अशी कोणती गोष्ट आहे, जी तुम्ही एकट्यानेच पेलताय?’ हा चांगला प्रश्न आहे, पण तो चौथ्या-पाचव्या बैठकीसाठी राखून ठेवा.

सुरुवात तुम्ही करा, आणि जेवढं खरं बाकीच्यांनी बोलावं असं वाटतं तेवढंच खरं बोला. तुम्ही ‘कामाचा ताण असतो जरा’ म्हणालात तर खोलीभर कामाचा ताण ऐकू येईल. तुम्ही आयुष्यातली सर्वांत मोठी जखम काढून दाखवलीत तर पुढचा माणूस गप्प होईल, कारण त्याच्याकडे तेवढं मोठं काही नसतं. मधलं काहीतरी निवडा: अजून सुटलेलं नाही, पण सांगताना तुमचा तोल जाणार नाही असं.

६. पहिलं खरं वाक्य आणि त्यानंतरचं मिनिट

कधीतरी, बहुधा तिसऱ्या-चौथ्या बैठकीत, कुणीतरी असं काही बोलून जातं की खोली गप्प होते. ‘आई गेली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.’ ‘मला माझ्या कामाची लाज वाटते.’ आता बाकीचे सगळे बोलणाऱ्याकडे बघत नसतात. ते इतरांच्या प्रतिक्रियेकडे बघत असतात, कारण आपली पाळी आल्यावर आपलं काय होईल हे त्यांना तिथेच कळणार असतं.

या मिनिटात पाच गोष्टी गट बिघडवतात आणि पाचही भल्या हेतूने होतात. सल्ला: ‘तुम्ही असं करून बघा.’ वरचढ गोष्ट: ‘माझं तर याहून वाईट झालं होतं.’ घाईचं सांत्वन: ‘असं काही मनात आणू नका हो, होईल सगळं नीट.’ खोदकाम: ‘म्हणजे नक्की काय झालं होतं?’ आणि विनोद, जो शांतता सहन न झालेला माणूस करतो. माझ्या मते यात सांत्वन सर्वांत फसवं. ते ऐकायला गोड असतं, म्हणून त्याला कुणी अडवत नाही. पण त्याने बोलणाऱ्याला कळवलेलं असतं की तुझं वाटणं चुकीचं आहे आणि आम्हाला ते ऐकवत नाही.

करायचं ते थोडकं आहे. दोन श्वास शांत राहा. मग सूत्रधाराने एवढंच म्हणावं: ‘सांगितलंत, बरं झालं. यावर आमच्याकडून काही ऐकायला आवडेल, की आम्ही नुसतं ऐकून ठेवू?’ उत्तर येईल तसं करा. बहुतेक वेळा उत्तर ‘नुसतं ऐका’ असंच असतं. मग पुढच्या माणसाकडे वळा. तो प्रसंग लांबवू नका, त्याचा सोहळा करू नका, टाळ्या तर मुळीच नकोत. टाळ्या वाजल्या की पुढच्या वेळी लोक टाळ्यांसाठी बोलतात.

काम इथे संपत नाही. त्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी वाटतं, ‘जरा जास्तच बोललो.’ जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठातल्या संशोधकांना २०१८ मध्ये असं आढळलं की स्वतःचं उघडं होणं माणसाला दुबळेपणा वाटतं आणि तेच दुसऱ्याने केलं की धैर्य वाटतं. म्हणून दुसऱ्या दिवशी एक ओळीचा निरोप पाठवा: ‘काल तुम्ही होतात, बरं वाटलं. पुढच्या वेळी भेटू.’ काल सांगितलेल्या विषयाचा उल्लेखही करायचा नाही. तो विषय पुन्हा काढायचा की नाही, हे त्या माणसाने ठरवायचं.

कधी उलटंही होतं. पहिल्याच बैठकीत कुणी सगळं ओतून टाकतं आणि मग शरमेने परत येत नाही. असं सुरू झालेलं दिसलं तर हळूच थांबवा: ‘हे मोठं आहे, घाई नको. आज झेपेल तेवढंच सांगा, आम्ही पुढच्या वेळीही आहोत.’

७. नवा माणूस येतो तेव्हा

येण्याआधी फोन करून कोण असेल, किती वेळ लागेल, गप्प बसलं तर चालेल का, हे सांगा. दाराशी एका जुन्या माणसाला उभं करा. आधीच्या बैठकांतले खास विनोद त्या दिवशी बाजूला ठेवा. त्यांच्याइतकं परकं दुसरं काही नसतं.

२०१८ मधल्याच आणखी एका संशोधनात दिसलं की अनोळखी माणसाशी बोलून झाल्यावर आपण समोरच्याला किती आवडलो, याचा अंदाज लोक खऱ्यापेक्षा कमीच करतात. नवा माणूस घरी जाताना हाच चुकीचा अंदाज घेऊन जातो. ‘परत या’ एवढं त्याला तोंडाने सांगा; त्याला ते कळलंच असेल असं धरून चालू नका.

८. असहमती आणि ‘स्पष्टवक्ते’

गट प्रेमळ झाला की नवा धोका येतो: सगळे एकसुरात बोलू लागतात. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत रेषांची लांबी ओळखायची होती, काम अगदी सोपं. पण बाकी सगळे ठरवून चुकीचं उत्तर देऊ लागले की सुमारे एक तृतीयांश वेळा माणूस डोळ्यांना दिसणारं सोडून त्यांच्यासारखं बोले. त्यांच्यातल्या एकानेच खरं उत्तर दिलं की हे चुकणं आधीच्या जवळजवळ एक चतुर्थांशावर येई. तेव्हा गटाने काही ठरवताना सूत्रधाराने विचारावं, ‘याच्या विरुद्ध बाजू कोण मांडेल?’ कुणीच नाही मांडली तर त्याने स्वतः मांडावी. पहिला वेगळा आवाज ऐकू आला की दुसरा निघतो.

दुसऱ्या टोकाला ‘मी तोंडावर बोलतो, मला मागे बोलायला आवडत नाही’ म्हणणारे असतात. खरं बोलणं आणि टोचून बोलणं यातला फरक ओळखायला एक साधी कसोटी आहे: वाक्यात स्वतः किती आणि समोरचा किती? ‘तुम्हाला कुणाच्या वेळेची किंमत नाही’ हा निवाडा झाला. ‘तुम्ही उशिरा आलात की माझं बोलणं मध्येच तुटतं आणि मला राग येतो’ हे खरं बोलणं, आणि म्हणायला जास्त अवघड. सूत्रधाराने पहिलं वाक्य दुसऱ्यासारखं करून पुन्हा म्हणायला सांगावं. वारंवार सांगूनही बदल नसेल तर त्या माणसाशी एकट्याने बोला आणि गट सोडायला सांगायची वेळ आली तर सांगा. एकाला दुखवायचं टाळून सहा जण गमावलेले गट मी पाहिलेत.

९. सूत्रधार बदलता ठेवा

‘आमच्यात कुणी प्रमुख नाही, सगळे समान’ हे ऐकायला छान वाटतं. अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीतल्या जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच याकडे बोट दाखवलं होतं: रचना नसलेला गट नसतोच, फक्त रचना लपलेली असते. मग अधिकार जुन्या मित्रांच्या टोळक्याकडे जातो आणि तो उघड नसल्यामुळे त्याला जाबही विचारता येत नाही. दर तीन बैठकांनी सूत्रधार बदला, पाळीचा क्रम वहीत लिहा. लाजऱ्या माणसाला जोडीदार द्या, पण त्याची पाळी चुकवू नका.

१०. जिथे गट पुरा पडत नाही

कुणी जगणं नकोसं झाल्याचं बोललं तर घाबरून विषय बदलू नका. आत्महत्येचे विचार येतात का, हे एकट्याने, थेट, त्याच शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने धोका वाढत नाही. त्या माणसाला एकटं सोडू नका, त्याच्यासोबत बसून हेल्पलाइनला किंवा डॉक्टरांना फोन लावा, जवळच्या माणसाला बोलवा. मारहाण होत असेल तर ‘घर सोडा’ असा गटाचा ठराव करू नका. सोडून जाण्याची वेळ बरेचदा सर्वांत धोक्याची असते, त्यामुळे तिथे अनुभवी संस्थेचीच मदत हवी.

११. गट बरा चाललाय की नाही

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या चमूंचा अभ्यास केला. चांगल्या चमूंच्या हातून औषधांच्या चुका कमी होत असतील अशी अपेक्षा होती. नोंदी निघाल्या उलट्या: चांगल्या चमूंत चुकांची संख्या जास्त. त्या चमूंत लोक चुका लपवत नव्हते, हे त्यामागचं कारण असल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

तुमच्या गटालाही हेच माप लावा. कुणी येऊन ‘मागच्या वेळी तुम्ही मला मध्येच तोडलंत’ म्हणालं, तर गट बरा चाललाय. लोक बिनदिक्कत पास म्हणतात, वाईट दिवस असला तरी येतात, शांतता भरून काढायची घाई करत नाहीत, हीही चांगली लक्षणं. काळजी करावी ती सगळे सारखे खूश असतील तेव्हा. आणि बैठक संपल्यावर बाहेर जिन्यात दोघं-तिघं कुजबुजत खरी बैठक घेत असतील तेव्हा. जिन्यातला विषय कळला तर कुजबुजणाऱ्यांना दोष न देता पुढच्या बैठकीत तो स्वतःच मांडा.

१२. गट वाढला तर

नोंदलेली नावं पंधराच्या वर गेली की दोन गट करा. ‘जुन्यांचा’ आणि ‘नव्यांचा’ अशी वाटणी करू नका. प्रत्येक गटात किमान तीन जुने हवेत. कोण कुठे जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर आवडीनिवडीवरून रुसवे होतात. ज्या दोघांत नुकतंच काही नाजूक बोलणं झालंय, त्यांना मात्र विचारून एकत्र ठेवा. नव्या गटाला नियमांचं पान द्या आणि त्यांनी त्यात बदल केले तर करू द्या. गुप्ततेचा नियम आणि पास म्हणायचा हक्क तेवढा तसाच ठेवायला सांगा. दोन्ही गटांचे वार वेगळे ठेवा, म्हणजे एखाद्याची एका ठिकाणची बैठक चुकली तर त्याला दुसरीकडे जाऊन बसता येईल.